भोकरवाडीत कोणी राहत नाही

अंबरनाथ पूर्व
शनिवार, १८ जानेवारी २०२५

बकुळा आत्या,

आधी वाकून नमस्कार, मग बाकीचं. तुला ऐकू येईनासं झाल्यापासून फोनवर मी ओरडते आणि तू ‘बरं, बरं’ म्हणतेस. दोघींनाही काही कळत नाही. मेसेज करावा तर तो हेमंतच्या फोनवर, आणि हेमंत तो ओट्यावर उभा राहून सगळ्या आळीला वाचून दाखवणार. चुलतभाऊ असला तरी हे मला त्याच्या तोंडून जायला नको आहे. म्हणून पत्र.

ऑक्टोबरपासून मी एका नव्या कामावर आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. नवा महामार्ग आपल्या बदलापूर रस्त्याला जिथे मिळणार, तिथे मोठा इंटरचेंज व्हायचा आहे. दोन पूल आणि गाड्या वळायला गोल रस्ते, त्यांना हे लोक लूप म्हणतात. खर्च उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांनी वाटून घ्यायचा. त्यासाठी तिघांची संयुक्त समिती आहे. सभेत कोण काय बोललं ते टिपून इतिवृत्त तयार करायचं, हे माझं काम. बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

सुरुवातीला मजा वाटायची. उल्हासनगरचे साहेब म्हणतात, “साईं, आमच्या हद्दीत एक इंच पण येत नाही, आम्ही कशाला?” अंबरनाथचे म्हणतात, “मग तुमचे फर्निचरचे ट्रक काय उडत जाणार?” बदलापूरचे साहेब बिस्किट चहात बुडवत ऐकतात आणि ते विरघळून पडलं की म्हणतात, “बघा, हे असं होतं उशीर केल्यावर.”

नोव्हेंबरात एक नियम ठरला. ज्याच्या हद्दीत जितका इंटरचेंज, त्याचा तितका वाटा. उल्हासनगरने ठरावीक हिस्सा द्यायचा, पण जमीन महाग पडली तर तोही वाढणार. त्या दिवसापासून नकाशा हलायला लागला. पहिल्या नकाशात मोठा लूप अंबरनाथच्या हद्दीत होता. दुसऱ्यात तो बदलापुरात सरकला. परवाच्या तिसऱ्या नकाशात तो एका टेकाडावर जाऊन बसला आहे आणि ते टेकाड तिघांच्याही हद्दीबाहेर आहे. सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

आत्या, ते टेकाड म्हणजे सोनिवलीच्या मागची भोकरवाडी. तू जिथे एकवीस वर्षं शिकवलंस ती. सर्व्हेच्या कागदात लिहिलंय, ‘बंद घरे चौदा, वस्ती नाही.’ लहानपणी मी तुझ्याबरोबर तिथे येत असे तेव्हा घरं माणसांनी भरलेली असायची. पण त्याला तीस वर्षं झाली. आता खरंच तिथे कोणी राहत नाही का? उगाच मनात आलं म्हणून विचारते.

तुझी
शलाका


सोनिवली
शुक्रवार, २४ जानेवारी

शलाका बाळा,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला नकोत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू ‘उगाच’ लिहिलंस की मला काळजी वाटते. शाळेत असताना तू गणित चुकलीस की म्हणायचीस, उगाच विचारते, नऊ साते किती.

भोकरवाडीत माणसं राहतात. चौदा घरं, लहानमोठी मिळून साठेक जण असतील. दिवाळी झाली की सगळी वाडी वीटभट्टीवर जाते, भिवंडीच्या बाजूला. पोरंबाळं, कोंबड्या, म्हातारीकोतारी, सगळीच. मागे सांभाळायला कोणी उरत नाही, म्हणून जाताना दाराला बोरीच्या काट्यांच्या फांद्या लावतात आणि कौलं उतरवून आत रचून ठेवतात, माकडं फोडतात म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला घर पडकं वाटेल. ते पडकं नाही, मिटवून ठेवलेलं आहे. शिमग्याला चार दिवस येतात, पुन्हा जातात, आणि पावसाआधी येतात ते दिवाळीपर्यंत राहतात. यंदा निघताना चांगो माझ्याकडे आला होता. तो माझ्या पहिल्या तुकडीतला. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, “बाई, आमी शिमग्याला येताव. घराकडं ध्यान ठेवा.” त्याची आई भिकी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तिलाही टेंपोत उचलून बसवली.

माणसं आली होती हे खरं. पिवळी जाकिटं घातलेली तिघं, हेमंतच घेऊन आला होता. मी चहा केला. ते गेले.

हेमंत हल्ली फार खुशीत आहे. म्हणतो, “आत्या, इंटरचेंज झाला ना की आपली सोनिवली म्हणजे ठाणे समज.” त्याने नाक्यावर एक गाळाही धरून ठेवला आहे.

तुमच्या साहेबांना सांग की तिथे लोक राहतात. एवढंच तर सांगायचं आहे. ते समजूतदार असतील.

आत्या


अंबरनाथ पूर्व
सोमवार, ३ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून मी रोज डायरीत एकच प्रश्न लिहिते आहे. मला हे माहीत नव्हतं, की आठवायचं नव्हतं?

कारण मी तुला पूर्ण सांगितलं नाही. तुला विचारलं त्याच्या दोन दिवस आधीच मी ते वाक्य इतिवृत्तात लिहून मोकळी झाले होते. ‘सदर जागेवर वस्ती नाही.’ अध्यक्षांनी सांगितलं, मी लिहिलं. लिहिताना दाराला लावलेले काटे डोळ्यांसमोर आले होते. लहानपणी एकदा माझ्या फ्रॉकला अडकले होते, ते. तरी पेन थांबलं नाही. चार शब्द आहेत, अक्षर माझं, चांगलं वळणदार.

येत्या ६ मार्चच्या सभेत हे इतिवृत्त वाचून कायम करतील. एकदा कायम झालं की पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. मग तिथे माणसं राहत होती हे आपल्याला सिद्ध करत बसावं लागेल, तेही घरं गेल्यावर. दुरुस्ती फक्त सदस्य सुचवू शकतो. मला तो हक्क नाही. म्हणून मी तिघांनाही वेगवेगळं गाठलं.

अंबरनाथच्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण मी तोंड उघडलं की तो लूप सरळ माझ्या अंगणात. बदलापूरवाल्यांना बोलू दे ना.”

बदलापूरचे म्हणाले, “अंबरनाथने विषय काढला तर मी लगेच अनुमोदन देतो. लिहून घ्या पाहिजे तर.”

उल्हासनगरचे जिन्यातच भेटले. “देखो मॅडम, माझा तर एक इंच पण नाही. मी कोणत्या तोंडाने बोलणार? आणि जमीन महाग झाली की माझाच हिस्सा वाढतो ना.”

तिघांनाही पटलं होतं, आत्या. मला भीती वाटली ती त्याचीच. कोणी दुष्ट असता तर भांडता आलं असतं. इथे प्रत्येक जण म्हणतो, खरं आहे, फक्त मी बोललो की माझ्या अंगावर येईल.

अभिजीतला सांगितलं, तर तो म्हणाला, “तुझा करार ऑगस्टपर्यंत आहे. आपल्या राजसीची बारावी आहे. तू लिहायला आहेस, बोलायला नाहीस.” तो नवरा म्हणून बोलला, चुकीचं बोलला असं म्हणवत नाही.

आणखी एक. सर्व्हेबरोबर एक पंचनामा आहे म्हणे. गावातल्या कोणा जाणत्या माणसाने सही करून दिली आहे की वर कोणी राहत नाही. ते जोडपत्र सल्लागार कंपनीकडे आहे, मी पाहिलेलं नाही. माझा संशय हेमंतवर आहे. कोणीही असो, साठ माणसांची घरं एका सहीने पुसून टाकून तो माणूस जेवतो कसा, झोपतो कसा, हे मला कळत नाही. तू त्याला विचारशील का?

शलाका


सोनिवली
मंगळवार, ११ फेब्रुवारी

शलाका,

हेमंतवर संशय घेऊ नकोस. तो उथळ आहे, पण सही त्याची नाही.

मला जरा बरं नाही. जेवण जात नाही. काळजीसारखं काही नाही.

एक विचारायचं होतं. ज्याने अशी सही केली असेल त्याला ती मागे घेता येते का? त्याची काही रीत असते का? सही करताना त्याला कागद नीट वाचता आला नसेल, तर ते धरतात का?

तू त्या माणसाबद्दल जे लिहिलंस त्यात चूक काही नाही.

आत्या


अंबरनाथ पूर्व
बुधवार, १९ फेब्रुवारी

आत्या,

काल जोडपत्र पाहिलं.

त्यावर कोणाची सही आहे ते इथे लिहीत नाही. त्या सहीतला ‘ब’ ज्या हाताने काढला, त्याच हाताने माझा हात धरून मला ‘ब’ शिकवला होता, एवढंच लिहिते. मागच्या पत्रात मी जे बोलले ते परत घेते. परत घेता येत नाही हेही मला कळतं.

सही मागे घेण्याबद्दल मी सल्लागार कंपनीच्या माणसाला विचारलं, नाव न सांगता. तो अगदी गोड हसून म्हणाला, “मग आधीचं स्टेटमेंट खोटं होतं असं होईल ना, मॅडम. सरकारी कामात खोटं स्टेटमेंट म्हणजे गुन्हा. म्हातारं माणूस असेल तर उगाच पोलीस, जबाब, फेऱ्या. राहू दे ना.” तो धमकी देत होता की सल्ला, हे मला रात्रभर ठरवता आलं नाही.

म्हणून माझं ऐक. त्या माणसाने आता काही करू नये. गप्प राहावं, जेवावं, औषध घ्यावं. माझ्या हातून जे होईल ते मी बघते. सभेला अजून दोन आठवडे आहेत.

आणि माती तपासायला वर मशीन न्यायचं ठरलंय. त्यासाठी आधी वाट मोकळी करतील. तारीख अजून कळलेली नाही, पण शिमग्याच्या आत म्हणतात. हे तुला सांगू की नको याचा विचार केला. सांगितलं.

शलाका


भोकरवाडी
गुरुवार, २७ फेब्रुवारी

शलाका,

वर पत्ता बघितलास ना? चुकून लिहिलेला नाही.

गप्प राहावं असं तू लिहिलंस. मी समजले. तुझी नोकरी आहे, राजसीची परीक्षा आहे, तीन शहरांच्या पुढे तू एकटी काय करणार. तू हे सोडून दिलंस याचा मला राग नाही. पण मी सोडून दिलं तर मला माझाच राग येईल, आणि या वयात तो सोसवत नाही.

काय झालं ते आता सरळ सांगते. पिवळ्या जाकिटातली माणसं माझ्या ओटीवर बसली. हेमंतने कागदावर प्रश्न लिहून मला दाखवला, वर भोकरवाडीत कोणी आहे का? मी म्हटलं, नाही, कोणी नाही. माझ्या मनात होतं, भट्टीवर गेलेत, इथल्या कोणालाही विचारलं तरी हेच उत्तर मिळेल. डिसेंबरात भोकरवाडीत कोणी नसतं, हे आमच्याकडे सांगायची गोष्टच नाही. मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला. वाचायचा चष्मा आत होता. परक्या माणसांसमोर उठून चाचपडत जायची मला लाज वाटली. ‘आत्या, तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाची सही पाहिजे,’ असं हेमंतने लिहून दाखवलं, ते मोठ्या अक्षरात होतं, ते दिसलं. त्याने मी फुगले. सही केली. चांगोच्या तुकडीला मी चार वर्षं हेच सांगत होते, की वाचल्याशिवाय अंगठासुद्धा उठवायचा नाही.

पहिल्या पत्रात मी तुला ‘चहा केला, ते गेले’ एवढंच लिहिलं. तूही मला अर्धंच लिहिलं होतंस. आपण दोघी एकाच घराण्यातल्या.

तर आता असं आहे. कागद म्हणतो वर कोणी राहत नाही. कागद बदलणं माझ्या हातात नाही, पण वर राहणं आहे. महाशिवरात्रीला सगळे तुमच्याकडे शिवमंदिराच्या जत्रेला गेले, आळी रिकामी झाली, तेव्हा मी दोन पिशव्या घेऊन चढले. वाटेत चार वेळा बसले. चांगोच्या दाराचे काटे कोयत्याने बाजूला केले. चौदातल्या तेवढ्याच घराची कौलं यंदा वर आहेत, म्हातारीचं सामान भिजू नये म्हणून त्याने उतरवली नव्हती. आत चूल आहे, माठ आहे, घोंगडी आहे. खालच्या झऱ्याला अजून पाणी आहे.

भीती वाटते. खोटं कशाला सांगू? तेरा बंद घरं आणि मी. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मागून कोणी आलं तर कळणार नाही. भांडी घासतानासुद्धा सारखी वळून बघते. काल एक गाय अगदी खांद्यापाशी येऊन उभी होती. मी इतकी दचकले की तांब्या गडगडत खालपर्यंत गेला. मग त्या गायीला बराच वेळ रागावले.

पोस्टमन धोंडिबाला मी पत्ता बदलल्याचं लिहून दिलं आहे. त्याने डोक्याला हात लावला, पण वर येतो म्हणाला. निदान मान तशी हलवली.

आत्या


अंबरनाथ पूर्व
शुक्रवार, ७ मार्च
(रजिस्टर्ड, पोचपावतीसह)

आत्या,

मंगळवारी मी धावत वर आले, तेव्हा आपल्यात काही बोलणं झालंच नाही. मी कागदावर ‘खाली चल’ लिहिलं, तू तो कागद चुलीत घातलास आणि भाकरी थापायला बसलीस. मी जेवून परत आले. त्याची मला लाज वाटते आहे.

एक गैरसमज आधी काढते. गप्प राहा लिहिलं ते तुझ्या काळजीने, वाडी सोडून दिली म्हणून नाही. पण तू तसं वाचलंस तर लिहिणारीचंच चुकलं.

काल सभा झाली. मी मागचं इतिवृत्त वाचायला उभी राहिले. ‘सदर जागेवर’ इथपर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं होतं मी धीटपणे काही बोलेन. तसं झालं नाही. मी कागद टेबलावर ठेवला आणि कोणाकडे न बघता ते वाक्य बोटाने दाबून धरलं. मग मी म्हटलं, “पुढचं वाक्य चुकीचं आहे. ते मी लिहिलं आहे. तिथे लोक राहतात, हंगामापुरते कामाला गेलेत. आज तिथे माझी आत्या राहते आहे. पंचनाम्यावरची सही तिचीच आहे, न वाचता केलेली.”

अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुम्ही सदस्य नाही.” मी म्हटलं, “माहीत आहे.”

मी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. अंबरनाथचे बदलापूरकडे बघत होते, बदलापूरचे बिस्किटाकडे. शेवटी उल्हासनगरचे साहेब, ज्यांचा एक इंचही नाही, ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “भाई, बाईमाणूस एकटी बसली आहे तिथे. उद्या काही झालं तर पेपरात तिघांची नावं येतील. आधी बघून घेऊ.” त्यांना दया आली की पेपरची भीती वाटली, मला सांगता येत नाही. मी ते जसंच्या तसं टिपून घेतलं.

ठरलं ते असं. १२ तारखेला पुन्हा सभा. तोवर भोकरवाडीत कोणी राहतं याचा लेखी पुरावा आणायचा, तोंडी चालणार नाही. तिथल्या लोकांची रेशनकार्डं त्यांच्याबरोबर भट्टीवर आहेत, मतदार यादीत सगळे सोनिवलीच्या नावाखाली आहेत. म्हणून हे पत्र रजिस्टर केलं आहे. पत्ता फक्त ‘भोकरवाडी, चांगोचे घर’ एवढाच लिहिला आहे. पोस्टाने ते तिथे नेऊन दिलं आणि तू पोचपावतीवर सही केलीस, की सरकारच्याच शिक्क्याचा कागद होईल. कालच्या सभेच्या टिपणाची प्रतही आत घातली आहे.

पण मशीनचं काम या समितीकडे नाही, असं अध्यक्ष म्हणाले. ते वेगळ्या विभागाचं, ते थांबवायचं असेल तर वेगळा अर्ज. मी अर्ज दिला आहे. त्याच्यावर कोणी सही करेपर्यंत मशीन थांबणार नाही. ते सोमवारी निघेल म्हणतात.

आता मला सांग, मी काय लिहू? ‘लगेच खाली ये’ असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं आहे, तुला दिसेलच. तू खाली आलीस तर पावतीवर सही करायला वर कोणी नाही. म्हणजे मी माझ्या बहात्तर वर्षांच्या आत्याला पुरावा म्हणून तिथे ठेवते आहे का? डायरीत हा प्रश्न लिहिला आणि पान तसंच सोडलं. चांगोचा मुकादम फोन उचलत नव्हता, काल एकदाचा उचलला. ते बुधवारी सकाळी निघतील, शिमग्यासाठी. त्याआधी मालक सोडत नाही.

मला उद्यापासून सभेच्या कामावर यायला मनाई झाली आहे. करार आहे, पण टेबल बदललं. रविवारी अभिजीत तुझ्याकडे जेवण आणि बॅटरी घेऊन येईल. तो आपणहून म्हणाला. मंगळवारी मी येते, मुक्कामालाच.

शलाका


भोकरवाडी
सोमवार, १० मार्च, दुपार

शलाका,

तुझं रजिस्टर पत्र धोंडिबाने आज सकाळी नऊला दिलं. आधी चष्मा लावला, पावती दोन्ही बाजूंनी वाचली, मग सही केली. तो घाम पुसत हसत होता. पावती त्याच्या पिशवीत गेली. बुधवारच्या आत पोचली नाही, तर त्याला प्रत्यक्ष घेऊन जा. तो येईल म्हणाला आहे, या वेळी मी कागदावर लिहून घेतलं. अभिजीत काल येऊन जेवण आणि बॅटरी देऊन गेला.

खोडलेलं मी वाचलं. खोडल्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझ्यासाठी इथे बसलेली नाही, आणि तू म्हटलं असतंस तरी उतरले नसते.

तो गेला आणि तासाभराने मला जमीन कळली. कसं सांगू, चुलीपुढे बसले होते आणि तळपायाला मुंग्या आल्यासारखं झालं. माठातलं पाणी हलताना दिसलं. मला वाटलं चक्कर येते आहे. दारात आले तर पिवळं मशीन टेकाडाच्या वळणावर होतं, पुढचा दात वर उचललेला, आणि वाटेतलं करवंदीचं रान त्याच्याखाली चिरडत होतं. सर्वांत खालचं घर बाळू ठाकराचं, त्याच्या पडवीचा खांब तोवर आडवा झाला होता. माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला आवाज आला नाही. त्यामुळे ते खरं वाटेना.

तुझं पत्र हातात होतं, ते घेऊन वाटेच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पळाले असं मी म्हणणार नाही, मला आता पळता येत नाही. चालत गेले आणि उभी राहिले. ते थांबलं माझ्यापासून आपल्या ओटीच्या रुंदीइतक्या अंतरावर. तेव्हा माझं लुगडं ओलं झालं होतं. हे मी तुलाच सांगते.

चालवणारा उतरला. परप्रांतातला पोरसवदा गडी, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. तो बोलत होता, मी कानाला हात लावून दाखवला. मग त्याने फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवलं, ‘माताजी, यहाँ कोई नहीं रहता ऐसा लिख के दिया है.’ मी मोठ्याने म्हटलं, “ते लिहून देणारी मीच. चुकीचं आहे.” त्याला मराठी किती कळलं देव जाणे. मी त्याला तुझ्या सभेचं टिपण दाखवलं, पाकिटावरचा पत्ता दाखवला, पोस्टाचा शिक्का दाखवला आणि घरात नेऊन चूल दाखवली. चुलीवर भात होता. तो भाताकडे बराच वेळ बघत राहिला. मी वाढला, त्याने खाल्ला.

मग हेमंत आला, मोटरसायकलवरून. दोघं हात उडवत खूप बोलले. हेमंतचा चेहरा लाल झाला होता. त्याने मला हात जोडून खाली चल म्हणून खुणा केल्या, मी नाही म्हटलं. तो आडव्या खांबापाशी गेला, त्याला पायाने ढकलून पाहिलं आणि तिथेच उकिडवा बसला. तो खांब बाळूने आणि हेमंतच्या बापाने मिळून रोवला होता, हे त्याला माहीत आहे. जाताना माझ्याकडे न बघता पाण्याचा मोठा कॅन दारात ठेवून गेला. तो माझ्या बाजूला आला आहे की फक्त पाणी ठेवून गेला आहे, मला कळलं नाही.

चालवणारा त्याच्याच मागे बसून गेला. किल्ली घेऊन गेला हे मी पाहिलं. पुन्हा कधी येणार ते बहुतेक त्याने सांगितलं, मी नीट बघत नव्हते. आज येईल, उद्या येईल, किंवा दुसराच कोणी येईल, ज्याने माझा भात खाल्लेला नाही.

धोंडिबा उद्या सकाळी वर येणार आहे, त्याच्याकडे हे पत्र देते. तुला मिळेल तेव्हा तू कदाचित इथेच असशील. असलीस तर दोघी मिळून वाचू.

मशीन दारासमोर उभं आहे. मी चप्पल काढून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उंबऱ्यात बसले आहे. सुरू झालं तर कळेल.

बकुळा आत्या